मी नकाशातून गाळलेली वाट

आज तात्यांची अंत्ययात्रा हायवेवरून गेली. माझ्यामुळे.

मागून कंटेनर हॉर्न मारत होते. एक ड्रायव्हर ओरडला, "साइड में लो ना!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. लोकांनी मला धरलं.

त्या बिचाऱ्याला काय माहीत, आमची स्मशानाची वाट कुठे गेली ते.

मला माहीत आहे.

तात्या आमच्या गावचे गवंडी. पूर्णा गावाच्या पुढे खाडीकडे आमचं गाव. निम्मी घरं त्यांच्या हातची.

मी आर्किटेक्चरच्या सेकंड इयरला सरांशी भांडून कॉलेज सोडलं. कामतघरला एका खोलीत कॉम्प्युटर टाकला आणि गोडाऊनचे प्लॅन काढायला लागलो.

गावातलं पहिलं काम मिळालं ते स्वप्नाच्या पप्पांच्या गोडाऊनचं. आता स्वप्नाबद्दल काय लिहू? तिच्यासाठी मी फुकटसुद्धा केलं असतं.

मोजणीला ती आली. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या.

ती म्हणाली, "अरे, टेपकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस?"

मी तिच्याकडेच बघत होतो.

त्या दोन टोकांच्या मधून गावाची स्मशानाकडे जाणारी वाट जात होती. एका बाजूला शेताचा बांध, दुसऱ्या बाजूला निवडुंग. भिंत कुठेच नाही. कॉलेजात शिकलो होतो, जे बांधलेलं आहे ते काढायचं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ मारली.

वाट प्लॉटमध्ये गेली.

कंपाउंडचा पाया खणायला घेतला त्या दिवशी तात्या जिना चढून माझ्या खोलीवर आले. धापा टाकत.

"पोरा, आमची वाट कुठं हाय यात?"

"तात्या, तिथे बांधकाम नाही. मोकळी जागा आहे."

"मोकली कशी रं? बांधलेली हाय ती."

मी हसलो. खरंच हसलो.

मग त्यांनी सांगितलं. गावात कोणीही त्या बाजूला घर बांधलं, की पाया खणण्याआधी स्वतःच्या जागेतली एक हात जागा वाटेला सोडायची. लिहून नाही, कोणी सांगून नाही. तात्यांच्या बापाने तर झालेला ओटा तोडून एक हात मागे घेतला होता.

"किती रुंद ठेवायची, ते कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"चार मानसांनी तिरडी न्यावी, नं बाजूनं हंडा घेतलेली बाई जावी. येवढी."

पुस्तकात रोमचे रस्ते पाठ केले होते मी. हे कोणी शिकवलं नव्हतं.

तरी बोललो, "कागदावर कुठे आहे ते दाखवा. उगाच सेंटी होऊ नका."

तात्या प्लॅनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कागद तर तूच काढतंस ना?"

आणि जिना उतरून गेले.

प्लॅन बदलायला मला एक दुपार पुरली असती. पण बदलला असता तर स्वप्नाच्या पप्पांचं अर्धं गोडाऊन गेलं असतं, आणि दिवाळीनंतर ते आमच्या घरी लग्नाची बोलणी करायला येणार होते.

मी गप्प बसलो. भिंत उभी राहिली. तात्या परत कधी माझ्याशी बोलले नाहीत.

आज स्मशानातून आल्यावर स्वप्नाला फोन केला. म्हटलं, सगळं सांगून टाकतो.

ती म्हणाली, "आता? तात्या तर गेले. पप्पांचं नाव खराब करून तुला काय मिळणार?"

मी म्हटलं, "अजून गावात म्हातारी माणसं आहेत."

तिने फोन ठेवला.

दहा वेळा लावला. उचलत नाही.

डोकं फिरलंय. घरी बसवेना, म्हणून सायबर कॅफेत येऊन हे टाइप करतोय. कॅफेवाला दोनदा विचारून गेला, "भाई, और कितना टाइम?"

मोजणीची वही माझ्याकडे आहे. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन लिहून देणार. मोजणी माझी होती, ती चुकीची होती, तिथे गावाची वाट आहे. खाली माझी सही.

रात्रीत माझा विचार बदलू शकतो. मी स्वतःला ओळखतो. तिचा एक फोन आला तरी बदलेल. म्हणून आत्ताच इथे नेटवर सगळ्यांसमोर लिहून ठेवतोय. काका, म्हणजे स्वप्नाचे पप्पा, तुम्हीही वाचाल. स्वप्ना, तू पण.

तात्या, तुम्ही जिना चढून आलात आणि मी तुम्हाला बसासुद्धा म्हटलं नाही.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.