हळद लावलेले व्हॉल्व

आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती आणि काचेच्या व्हॉल्ववर चालणाऱ्या जुन्या मशिनी लोकांनी भंगारात घातल्या होत्या. मला मात्र नेमकं तेव्हाच व्हॉल्वचं वेड लागलं. घरी मी एक अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि त्यासाठी हैदराबादहून नव्या बनावटीच्या व्हॉल्वची जोडी आणली. आवाज चांगलाच होता. पण कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की जुन्या व्हॉल्वचा आवाज सायीसारखा असतो, नव्यांना ती चव नाही. तो किडा डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना.

कुरुंद्याचे एक मामा भोंग्याचं काम करायचे. नात्यानं मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पंचक्रोशीत लग्न असो की सप्ताह, भोंगा त्यांचाच. त्यांच्या भोंग्याच्या मशिनीत दोन मोठे जुने व्हॉल्व होते. शेतकरी खंडेनवमीला औताची पूजा करतो, तशी मामा दरवर्षी त्या व्हॉल्वच्या काळ्या बुडाला हळद लावायचे. घरच्या शेतातली हळद. वर्षानुवर्षं तापून ती तपकिरी होऊन बसली होती.

एका उन्हाळ्यात मशीन घुमायला लागली म्हणून मामा ती माझ्याकडे टाकून गेले. गेला होता फक्त एक कंडेन्सर, अर्ध्या तासाचं काम. व्हॉल्व ठणठणीत होते. काच जाड, आतला चंदेरी थर जसाच्या तसा. चालू असताना पेन्सिलीनं टिचकी मारली तरी भोंग्यातून हूं की चूं नाही, हीच चांगल्या व्हॉल्वची खूण. माझ्या नव्यांना टिचकी मारली की टण्णकन वाजायचं. घरून माझी जोडी आणली आणि दोन्ही जोड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

मग मी त्यांचे काढून घेतले आणि माझे बसवले.

नव्यांच्या बुडाला हळद नव्हती. घरून चिमूटभर आणली, तेलात कालवली, जुनी दिसावी म्हणून त्यात काजळी मिसळली आणि बोटानं टिळे लावले. आज हे लिहितानाही ते बोट लपवावंसं वाटतं.

मामा मशीन घेऊन गेले आणि महिन्याभरानं ती घेऊन परत आले. "मिस्त्री, आवाज कोरडा येऊन राहिला हो. बुवाचा खालचा सूर पोकळ लागतो. व्हॉल्व बराबर हायेत न्हवं?"

चोराच्या मनात चांदणं. मी झाकण उघडलं आणि वर त्यांच्यावरच डाफरलो, "काहून इचारता असं? तेच हायेत. ही बघा तुमची हळद. कान थकले मामा तुमचे, वय झालं."

मामांनी वाकून हळद पाहिली. माझ्यावर एखाद्या वेळी त्यांनी संशय घेतला असता, हळदीवर कसा घेणार? मशीन उचलून ते निघून गेले.

पुढे मी आणखी एक नवी जोडी मागवली, केवळ तुलना करायला. भिंतीकडे तोंड करून बसलो. बायको फडक्यानं धरून व्हॉल्व बदलायची, तीच कॅसेट पुन्हा लावायची आणि विचारायची, "आता कोणते?" मी सांगायचो. निम्म्या वेळा चुकलो. तिला हसू आवरेना. मी तिच्यावर चिडलो, पण कळायचं ते कळलं होतं. फरक मला ऐकूच येत नव्हता. ज्याला येत होता त्याला मी कान थकले म्हणून परत पाठवलं होतं. तरीही मी कुरुंद्याला गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा काढला. भीती एवढीच होती की मामा चारचौघांत चोर म्हणतील.

खंडेनवमीला मामाच आले. मशीन माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही आता तुमीच ठेवा. मी काम सोडलं."

"काहून मामा?"

"कानात तेल घातलं, नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं. त्यो म्हणतो कान चांगले हायेत. पण त्याला मशिनीतलं काय कळतं? ज्याला आवाज कळत न्हाई त्यानं भोंगा लावू नये. तुमाला कळतो."

जुनी जोडी घरी होती, दहा मिनिटांच्या अंतरावर. एक वाक्य बोललो असतो तर मामा भोंगा घेऊन परत गेले असते.

मामांनी खिशातून हळदीची पुडी काढली. "शेवटची पूजा करून जातो. जरा धरा."

मी नवा व्हॉल्व काढून त्यांच्यापुढे धरला. मी काजळी घालून केलेल्या टिळ्यावर त्यांनी ताजी हळद लावली. मग दुसऱ्याला लावली आणि हात जोडले.

"सोनारानंच कान टोचावे, मिस्त्री," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी तोंडावर खरं सांगितलं नसतं."

मी म्हणालो, "व्हय, मामा."