काडी लावून बूट घेणारी

सोलापुरात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली आणि पिशवीतून कॅनव्हासचा बूट काढून तिनं काउंटरवर आपटला. सोल वितळून टाचेशी गोळा झाला होता.

"महिनाबी झाला न्हाय नेऊन! मजबूत हाय म्हणाला होता की!"

तिचा नवरा वनखात्यात रोजंदारीवर. माळावरचं गवत पेटलं की हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायचं, हे त्याचं काम. खात्याकडून बूट मिळत नाहीत.

"त्याच्या तळपायाचे फोड मी सुईनं फोडते, तुमी न्हाय," ती म्हणाली.

मी दुसरा जोड पुढे केला. तिनं तो उलटा धरला, कमरेची काडेपेटी काढली आणि पेटती काडी थेट सोलला लावली. जळक्या रबराचा वास सुटला.

"अहो बाई, दुकान पेटवता का?" मी ओरडलो.

"पेटू दे की! विझवायला माझाच नवरा यील, तुमचेच बूट घालून."

ती एकेक जोड उलटा करून काडी लावत राहिली, एकेक बाजूला फेकत राहिली. तिच्या काड्या संपल्या, तेव्हा देवापुढची काडेपेटी मीच तिच्याकडे सरकवली.