पेपर संपेपर्यंत सांगायचं नाही

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आज्जी, अम्मा एवढी मोठी असून हॉस्टेलमध्ये का राहायला गेली होती?" मी "शिकायला" एवढंच म्हणाले आणि त्याचं तेवढ्यावर भागलं. शेजारी थोरली होती. ती नुसती बघत राहिली. तिला त्या वर्षातलं बरंच आठवत असणार. म्हणून झालं ते तुम्हा दोघांसाठी क्रमाने लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, शाळेत शिकवलंही इंग्रजीच, पण आपल्या घरातलं हे सगळं बोलणं मराठीतच झालं होतं, तेव्हा लिहायचंही मराठीतच.

तुमची अम्मा पुण्याची. आमच्या कोरमंगलाच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा आमचं कानडीमिश्रित मराठी ऐकून गोंधळून जायची. "आई, 'सरी' म्हणजे 'हो' की 'बरं'?" असं तिने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. तुम्ही शाळेतल्या मुलांचं ऐकून तिला अम्मा म्हणायला लागलात, तेव्हा "आई म्हणा रे" असं काही दिवस सांगून पाहिलं, मग तिनेच नाद सोडला.

तिची नोकरी महादेवपुऱ्यात होती. बँकांसाठी तयार केलेली सॉफ्टवेअर नीट चालतात की नाही हे तपासायचं काम. पगार चांगला होता, पण एकदा ताक घुसळताना माझ्याशेजारी उभी राहून म्हणाली, "आई, मी दिवसभर फक्त उत्तर बरोबर आलं का ते बघते. कर्ज कुणाला द्यायचं, का द्यायचं, हे ठरवणारी माणसं वेगळीच असतात. मला तिकडे जायचंय." त्यासाठी फायनान्समध्ये एमबीए करायचं. कोर्स वर्षाचा, कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथेच राहायची अट. शनिवारी संध्याकाळी घरी, रविवारी परत. तेव्हा तिला चौतिसावं लागलं होतं.

माझी नणंद ऐकून म्हणाली, "मुलांच्या ॲडमिशनचं वय, आणि ही स्वतःचीच घेतीय होय?"

"अक्का, तुम्ही या वयात पत्त्यांचा क्लब काढला होता," मी म्हटलं. "तेव्हा आम्ही काही बोललो का?"

अम्मा हसली, पण तिचं मन डळमळीतच होतं. जायच्या आदल्या दिवशी तुमचे कपडे कपाटात लावता लावता थांबली. "आई, मुलांना काही झालं तर?"

"मी आहे ना."

"ते माहितीये. मला कळवाल ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणाले.

घर मी चालवलं, आणि उत्तम चालवलं. शाळेत मी अनेक वर्षं परीक्षांची वेळापत्रकं आखली होती, तेच घरात केलं. डबा, गृहपाठ, पोहणं, झोप. तुमच्या बाबांनाही मी त्यात बसवलं. जुन्या विद्यार्थिनींना मी हे सगळं फोनवर जरा जास्तच रंगवून सांगायचे.

आता आमच्या माहेरची एक रीत सांगते. घरात कुणाची परीक्षा असली की त्याला वाईट बातमी सांगायची नाही. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझी आत्या वारली. माझे दोन पेपर राहिले होते. घरातल्या सगळ्यांनी माझ्यासमोर रोजच्यासारखं जेवण केलं, वडील हसूनही बोलले. शेवटचा पेपर देऊन मी मैत्रिणींबरोबर डोसा खाऊन, गाणं गुणगुणत घरी आले, तेव्हा मला सांगितलं. मी रडले, पण रागावले नाही. आमच्याकडे याला प्रेमच म्हणायचे. माझ्या बहिणींचंही असंच झालं होतं, आणि तुमच्या बाबांच्या इंजिनिअरिंगच्या वेळी मीही तेच केलं होतं.

अम्माच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षा चालू असताना धाकटा शेजारच्या आवारात झोपाळ्यावरून पडला आणि त्याचं कोपराजवळचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं. बाबा फोन हातात घेऊन उभे होते.

"तिला सांगू का?"

"पेपर आहेत तिचे," मी म्हणाले. "हाड बसवलंय. शनिवारी येईलच की."

"आई, पण..."

"तुला सांगितलं होतं का तुझ्या वेळी? पास झालास ना?"

त्यांनी फोन खिशात टाकला. इथवरचं कदाचित मी स्वतःला माफ केलं असतं. पण अम्मा रोज संध्याकाळी तुम्हाला बघायला व्हिडिओ कॉल करायची. त्याचं काय करायचं? थोरले, तेव्हा मी तुला जवळ बसवून सांगितलं की धाकटा झोपलाय म्हणायचं. तू विचारलंस, "पण तो तर जागा आहे." मी म्हणाले, "अम्माचा पेपर चांगला जावा असं तुला वाटतं ना?" तू मान हलवलीस. आणि फोन आल्यावर इतकं सहज बोललीस की मीच चकित झाले. "तो खेळून दमला, झोपला." 'खेळून दमला' मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला होता, तिसऱ्या दिवशी परत झोपला होता. मी तुला शाबासकी दिली. आठ वर्षांची होतीस तू.

शनिवारी अम्मा आली. दारातच धाकट्याने प्लास्टरचा हात वर केला आणि आनंदाने ओरडला, "अम्मा, बघ! तुला सांगायचं नव्हतं. पेपर होता ना!"

तिने पिशवी खाली ठेवली, त्याला मांडीवर घेतलं, बोटं दाबून बघितली. मग थोरलीकडे वळली. "तो झोपला होता म्हणालीस ते?"

थोरली म्हणाली, "तुझे मार्क कमी झाले असते." मग माझ्यामागे येऊन उभी राहिली. आईला सोडून माझ्यामागे.

जेवणं झाल्यावर अम्मा स्वयंपाकघरात आली. आवाज चढवला नाही तिने. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आई, का?"

"आमच्याकडे परीक्षेच्या वेळी तसंच करतात. तुझ्या भल्यासाठीच..."

"तुमच्याकडे परीक्षेला घरातली मुलं बसत होती. मी त्याची आई आहे." ओट्यावरचं फडकं तिने उगाच घडी करून ठेवलं. "मी तिथे बसून अभ्यास कसा करते माहितीये? आधीच गिल्टी वाटत असतं. पण मला वाटायचं, काही झालं तर आई कळवतील. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे. त्या भरवशावर पुस्तक उघडायचे मी. आता फोन आला नाही तर काय समजू? मी नाही जाणार परत."

"अर्ध्यावर सोडू नकोस गं."

"अजून काय सांगितलं नाहीये?"

"काही नाही."

"आई."

मग सांगावं लागलं. थोरली वर्गात बोलेनाशी झाली होती आणि तिच्या बाईंनी मला दोनदा बोलावलं होतं. मी जाऊन त्यांना सांगितलं होतं की घरी सगळं व्यवस्थित आहे. स्वतः शिक्षिका असून मी असं सांगितलं होतं.

अम्मा रविवारी परत गेली नाही. पिशवी दिवाणाखाली तशीच पडून होती. बाबांनी विचारून पाहिलं, तर "बघू" एवढंच म्हणाली. सोमवारी ती थोरलीबरोबर शाळेत गेली आणि बाईंशी बराच वेळ बोलली. परत येताना दोघी चालत आल्या, रिक्षा न करता. काय बोलल्या ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क तेव्हा मला नव्हता.

संध्याकाळी तिने पिशवी बाहेर काढली. चपला घालता घालता थोरलीला म्हणाली, "आज्जी सांगेल ते सगळं ऐकायचं. पण अम्माला खोटं सांग म्हणाली, तर तेवढं नाही ऐकायचं. सरी?"

मी तिथेच उभी होते. थोरले, तू आधी माझ्याकडे बघितलंस. माझं न ऐकायचीही परवानगी तू माझ्याकडेच मागत होतीस. मी मान हलवली, तेव्हा कुठे तू "सरी" म्हणालीस.

कोर्स पुरा झाला, तिला हवी तशी नोकरी लागली, आणि तिच्यामागे तुम्ही सगळे इतके लांब गेलात. पण मला आठवते ती दुसऱ्याच दिवशीची, मंगळवारची संध्याकाळ. अम्माचा फोन आला आणि तू सांगत सुटलीस. आज्जीने भात करपवला. आज्जी धाकट्याला ओरडली. त्याने प्लास्टरमध्ये आज्जीची विणायची सुई घालून खाजवलं आणि आज्जी झोपली होती. मी बाहेरच्या खोलीत ऐकत बसले होते. भात करपला नव्हता, जरा लागला होता एवढंच. उठून फोन घ्यावा आणि तेवढं सांगावं असं फार वाटलं. उठले नाही.