माझ्या खणातले मॅक्रो

टायपिंग सेक्शनचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडत नव्हतं. आपलं सामान आपल्या खणात आणि खणाला कुलूप. कार्बन, रिबिनी, खोडरबर, अक्षरांच्या खाचांत साचलेली शाई काढायचा ब्रश, सगळं ज्याचं त्याचं. दुसरीच्या खणाला हात लावणं म्हणजे न विचारता तिच्या डब्यातलं खाणं.

मी नवी लागले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावर मोटीबेन बसायच्या. त्या गुजराती, सेक्शनमधल्या सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच मोटीबेन, म्हणजे थोरल्या ताई. मी त्यांच्याकडे सहज ब्रश मागितला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘ब्रश ने वर कोईने उछीना न अपाय.’’ ब्रश आणि नवरा कुणाला उसना द्यायचा नसतो. सगळा सेक्शन हसला. त्या संध्याकाळी मी मंगळबाजारातून स्वतःचा ब्रश घेतला आणि माझ्या खणाला कुलूप लावलं.

आमची कंपनी ट्रान्सफॉर्मर बनवायची. ऑफिस बडोदा शहरात, प्लान्ट बाहेर वाघोडियाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या ऑर्डरी येऊ लागल्या, टेबलांवर कम्प्युटर आले आणि टायपिंग सेक्शन बंद करायचं ठरलं. बायकांना सांगण्यात आलं, स्वेच्छानिवृत्ती घ्या. कम्प्युटर शिकलेल्या एकीसाठी मात्र प्लान्टवर एक जागा होती.

ती जागा मला हवी होती. अकोटा भागातल्या आमच्या घरात तेव्हा एकच पगार येत होता, माझा. नवऱ्याची फॅक्टरी आदल्या वर्षी बंद पडली होती आणि तो अर्ज करत हिंडत होता. निवृत्तीचे पैसे एकदा मिळाले असते आणि एकदाच संपले असते.

प्लान्टच्या साहेबांची अट सरळ होती. ट्रान्सफॉर्मरची तपासणी झाली की त्याचं सर्टिफिकेट तिथल्या तिथे, ग्राहकाच्या इन्स्पेक्टरचा चहा संपायच्या आत, छापून निघालं पाहिजे. तोवर आकडे शहरात यायचे, आम्ही टाइप करायचो आणि कागद परत जायचे. इन्स्पेक्टरला त्यासाठी पुन्हा यावं लागायचं.

मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन एक्सेल शिकले. त्यात मॅक्रो नावाची फार सोयीची गोष्ट होती. आपण जे जे करतो ते कम्प्युटर एकदा पाहून ठेवतो आणि पुढच्या वेळी कीबोर्डवरच्या एका खुणेसरशी सगळं स्वतः करतो. मी आकडे नीट लावणारा, चौकटी आखणारा, तीन प्रती छापणारा, असे मॅक्रो तयार केले. प्रत्येक वेळी कम्प्युटर विचारायचा, हा कुठे ठेवू? याच फाइलमध्ये, नव्या फाइलमध्ये, की तुमच्या स्वतःच्या पर्सनल फाइलमध्ये? मला विचारच करावा लागला नाही. आपलं ते आपल्या जागी. पर्सनल.

ऑफिसात सगळं सुरेख चाललं. मी फाइल फ्लॉपीवर घेतली आणि कंपनीच्या बसने वाघोडियाला गेले. साहेब स्वतः खुर्ची ओढून बसले. फाइल उघडली, रकाने दिसले, मी खूण दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मॅक्रोची यादी उघडली, तर ती कोरी.

‘‘बेन,’’ साहेब म्हणाले, ‘‘मॅक्रो घरे भूली आव्या?’’

मॅक्रो घरी विसरून आलात का, अशी ते चेष्टा करत होते. खरं तर त्यांनी अचूक निदान केलं होतं, पण ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

‘‘परत करून बघते, साहेब.’’

‘‘गुरुवारे इन्स्पेक्टर आवे छे. गुरुवारी चाललं तर जागा तुमची. नाही तर मला दुसरं कोणी बघावं लागेल.’’ माझ्यासाठी ते अर्ध्यातून मराठीवर आले, हा त्यांचा चांगुलपणा.

ऑफिसात परत येऊन तीच फ्लॉपी माझ्या कम्प्युटरमध्ये घातली. सगळे मॅक्रो हजर! मी फ्लॉपीला दोष दिला आणि नवी भरली. क्लासच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, प्लान्टचा कम्प्युटर जुना असेल, त्यांना सगळं नव्याने टाकायला सांगा. साहेबांना असं सांगितलं असतं तर जागा तिथेच गेली असती.

मोटीबेन हे सगळं बघत होत्या. त्यांनी निवृत्ती घ्यायचं ठरवलं होतं, कम्प्युटरला त्या बोटही लावत नव्हत्या.

‘‘शुं थयुं, मराठण? तोंड असं का?’’

‘‘माझ्याकडे चालतं, तिकडे चालत नाही.’’

‘‘सासरी गेलेल्या मुलीसारखं.’’

‘‘मोटीबेन, चेष्टा नको. मला तिसरं मशीन पाहिजे. तिसऱ्यावर चाललं तर दोष वाघोडियाचा. नाही चाललं तर माझा.’’

तिसरं मशीन होतं अकाउंट्समध्ये, आणि अकाउंट्सवाले आपलं मशीन टायपिंगवाल्यांना दाखवतसुद्धा नसत. त्यांच्या प्रमुखांची समजूत होती की फ्लॉपी आली की व्हायरस आलाच. मोटीबेननी जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उचलला, मला मागे यायची खूण केली आणि थेट त्यांच्या टेबलावर डाळ-तांदळाचा खमंग हांडवो उघडला. ‘‘भाई, तुमच्या बेबीसाठी एक मुलगा आहे नजरेत. सावली गावचा आहे, पण बडोद्यात नोकरी.’’ भाई हांडवोकडे आणि मुलाच्या माहितीकडे वळले. मी कम्प्युटरकडे वळले.

तिथेही यादी कोरी होती. मला इतकं हलकं वाटलं! वाघोडियाचं मशीन दुरुस्त करणं माझ्या हातात नव्हतं. माझी चूक दुरुस्त करणं होतं.

माझ्या टेबलावर येऊन मी मॅक्रोची यादी पुन्हा उघडली आणि रोज नजरेखालून जाणारी गोष्ट प्रथमच वाचली. प्रत्येक मॅक्रोच्या नावाआधी एका फाइलचं नाव होतं, आणि ते माझ्या सर्टिफिकेटच्या फाइलचं नव्हतं. ते होतं पर्सनल. मग ही पर्सनल फाइल दिसत का नाही? मेनू चाळताना एके ठिकाणी लपवलेल्या फाइली दाखवायची सोय सापडली. ती दाबली आणि बाई पडद्यावर आल्या. माझ्या कम्प्युटरवर एक्सेल सुरू केलं की ही फाइल गुपचूप मागे उघडायची. मॅक्रो सगळे तिच्या पोटात. फ्लॉपीवर मी नेत होते ती नुसती आकड्यांची फाइल.

मी हे मोटीबेनना जमेल तसं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसतच सुटल्या.

‘‘एटले खानामां मूकीने ताळुं मारी दीधुं? अने एकलुं टेबल लईने वाघोडिया गई?’’

अगदी तेच. खणात ठेवून कुलूप लावलं आणि नुसतं टेबल उचलून नेलं. इतक्या वर्षांच्या शिस्तीची सवय कम्प्युटरपाशीही सुटली नव्हती.

पुढचं काम सोपं होतं. मॅक्रो लिहिलेले असतात त्या खिडकीत डावीकडे दोन्ही फाइली एकाखाली एक दिसतात. माउसने मॅक्रोचा गठ्ठा पर्सनलमधून ओढून सर्टिफिकेटच्या फाइलवर सोडला. मग पर्सनल फाइल तिच्या जागेवरून हलवून दुसरीकडे ठेवली, म्हणजे माझं स्वतःचं मशीनही परक्यासारखं झालं. फाइल उघडली, खूण दाबली. चाललं.

तरी मी पुन्हा अकाउंट्समध्ये गेले, आणि गेले ते बरं झालं. या वेळी फाइल उघडताच एक सूचना आली: यात मॅक्रो आहेत, त्यात व्हायरस असू शकतो, चालू द्यायचे की नाही? मी वाचेपर्यंत भाईंनी हात पुढे करून ‘नाही’ दाबलंसुद्धा. यादीत नावं दिसत होती, पण एकही चालेना.

‘‘जुओ, वाचवलं तुम्हाला,’’ भाई म्हणाले.

मी फाइल बंद केली, परत उघडली आणि या वेळी त्यांचा हात धरण्याचं काम मोटीबेननी केलं. ‘हो’ म्हटल्यावर सगळं चाललं. फ्लॉपीच्या चिठ्ठीवर मी गुजरातीत ठळक लिहिलं: विचारलं तर हो म्हणा.

गुरुवारी इन्स्पेक्टर आले. ट्रान्सफॉर्मरची तपासणी झाली, आकडे माझ्याकडे आले, त्यांच्यासाठी चहा आला. प्लान्टचा कम्प्युटर सांभाळणाऱ्या ऑपरेटरने माझी फ्लॉपी घातली, चिठ्ठी वाचली आणि ‘हो’ दाबलं. प्रिंटर करकरत चालू झाला तेव्हा कपात अजून चहा होता. इन्स्पेक्टरांनी तिन्ही प्रतींवर सह्या केल्या आणि उगीच आणखी एक बिस्किट घेतलं, कारण आता त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

‘‘आ वखते घरेथी सगळं आणलं?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘हो साहेब. खणासकट.’’

त्यांना काही कळलं नाही. पण पहिल्या तारखेपासून वाघोडियाच्या बसमध्ये माझी जागा पक्की झाली.

त्या नोकरीवर आमचं घर तरलं. नवऱ्याला पुढे काम मिळालं, पण मधला काळ त्या एका पगाराने काढला. पुढे प्लान्टवर कुणीही ‘माझ्याकडे तर चालतं’ म्हणत आलं की मी आधी त्याला दुसऱ्याच्या मशीनवर नेऊन बसवायची. क्लासने मला एक्सेल शिकवलं, साहेबांनी दुसरी संधी दिली, आणि दोघांचेही उपकार मी मानते. पण त्या दुपारी मोटीबेननी आपला हांडवो अकाउंट्सला खिलवला नसता, तर गुरुवारीही मी टेबलच घेऊन गेले असते. आणि एक सांगायचं राहिलं. मला मिळालेली जागा त्यांच्याच सेक्शनच्या मोबदल्यात आलेली होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी त्या उठल्या होत्या.

सेक्शनच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी खण रिकामे केले, किल्ल्या स्टोअरला दिल्या. मोटीबेन माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांचा ब्रश माझ्यासमोर ठेवला. लाकडी मूठ, केस आखूड झालेले.

‘‘ब्रश देते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर नाही हं.’’

कीबोर्डच्या फटीतली धूळ त्याने छान निघते. अजूनही निघते.