एक नंबर अण्णांचा

मुरबाड तालुक्यात बिघडलेली वस्तू आणि आमच्या ह्यांचे मावसभाऊ एका खोलीत नांदू शकत नाहीत. दोघांपैकी एकाला मोडावंच लागतं, आणि आजवर भाऊजी मोडलेले नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेला आमचा मिक्सर चटणी वाटतो, पण तो धरून ठेवायला दोन माणसं लागतात. म्हसा गावच्या जत्रेत लोक बैल बघतात, भाऊजी पाळण्याची मोटर बघत उभे राहतात आणि पाळणेवाल्याला फुकट अक्कल शिकवतात. यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक ते उघडत नाहीत. "वयनी, पुस्तक उघडलं म्हंजे माणूस हरला."

आमच्या भातगिरणीच्या ऑफिसात इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं मी ठरवलं, तेव्हा ते शहापूरहून मोटारसायकलवर आले, गळ्यात वायरीचं भेंडोळं नवरदेवाच्या हारासारखं घालून. टेबलं चार, फोन चार. दुसऱ्या कुणी अर्ध्या दिवसात काम उरकलं असतं. भाऊजींनी आधी मानपान काढला: कुणाला कितवा नंबर? एक नंबर त्यांनी माझ्या दिवंगत सासऱ्यांना, अण्णांना दिला. अण्णांची खुर्ची ऑफिसात अजून तशीच आहे, मागे हार घातलेला फोटो. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही, टेबल पुसायचं तरी आमची हिशेबनीस आधी नमस्कार करते. आता बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी एक नंबरला, म्हणजे त्याच टेबलावर वाजणार होता.

"भाऊजी, उचलणार कोण?"

"अण्णांच्या आधी फोन उचलायची कुनाची टाप होती का गो?"

"अण्णा गेले."

"मंग मान पन गेला काय?"

मला मान नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. कल्याणच्या एका मोठ्या खानावळीचे मालक वर्षभराचा तांदूळ आमच्याकडून घ्यायचा की दुसऱ्या गिरणीतून, ते त्याच दुपारी फोन करून सांगणार होते. नव्या फोनचा तोरा मिरवायला मी त्यांना मोबाइल सोडून हाच नंबर दिला होता.

"आत्ताच्या आत्ता बदला," मी म्हणते आहे तोच अण्णांच्या टेबलावरचा फोन वाजला. हिशेबनीस नुसतीच उठून उभी राहिली. आणि टेम्पोवाल्यांना रडवणारी मी, टेबलाच्या अलीकडे थबकले. अण्णांच्या देखत त्यांच्या वस्तूला हात लावायची सवयच नव्हती. तीन-चार वेळा वाजला. भाऊजींनी चपला काढल्या, फोटोला हात जोडले, "अण्णा, जरा घेतो हां," म्हणाले आणि उभ्यानेच रिसीव्हर उचलून तापल्या पातेल्यासारखा माझ्याकडे धरला. तांदूळ आमचाच ठरला.

मग भाऊजी बसले, सेटिंग बदलायला. त्यांचे वडील लवकर गेले, अण्णांनीच त्यांना वाढवलं. त्यांनी खोललेला पहिला रेडिओ अण्णांचा, आणि त्याबद्दलची थप्पडही अण्णांचीच. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावरून अण्णांचा एक नंबर लावला. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे फोन वाजू लागला. भाऊजी इकडे कानाला रिसीव्हर लावून बसलेले.

"भाऊजी, कोण उचलणार आहे?"

"नाय कोन. जरा वाजू दे."

मला पोत्यांची व्यवस्था बघायची होती. बाहेर गिरणीची घरघर चालू होती, त्यात ती घंटी नीट ऐकूही येत नव्हती. मी जाऊन गिरणी थोडा वेळ बंद करायला सांगितली.