कठड्यापाशी मधली जागा

नगरपालिकेच्या गटारांत एकतीस वर्षं उतरलेल्या माणसाला चर्चमध्ये सगळे काका म्हणत. हाक आदराची होती. फक्त जरा लांबून मारलेली असे.

प्रभुभोजनाला या चर्चमध्ये मंडळी वेदीच्या कठड्यापाशी ओळीने गुडघे टेकतात आणि एकाच प्याल्यातून घोट घेतात. काका तिथे पहिल्यांदा गेले त्या रविवारी ओळीच्या मध्यावर होते. त्यांच्यानंतरच्या बाईंनी प्याला येताच हात छातीशी धरले, म्हणजे ‘नको’. पुढच्या पाच जणांनीही तेच केलं. तेव्हाचे पाळक म्हणाले, सर्दीचे दिवस आहेत. सर्दी बरीच वर्षं टिकली असती, पण काका शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांत शेवटी उठू लागले आणि मंडळी आठवड्याभरात खडखडीत बरी झाली.

आता सोमवारी काकांचा गुडघा बदलायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, चालाल, जिने चढाल, पण गुडघे टेकणं विसरा. पुढे प्याला बाकावर आणून मिळणार. म्हणजे कठड्यापाशी हा रविवार शेवटचा.

“एकदा मध्ये टेकायचं होतं गं,” ते काकूंना म्हणाले.

“मग टेका की! कुणी हात धरलाय तुमचा?”

“कुणीच धरत नाही. तेच तर.”

नव्या पाळकबाईंनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. शेवटच्याला पहिला मान, असं प्रवचन करून त्यांनी जाहीर केलं होतं, की यापुढे मागच्या बाकापासून सुरुवात. पुढच्या रविवारी काका बघतात तो त्यांचा बाक भरलेला. ते एक बाक पुढे बसले. त्याच्या पुढच्या रविवारी तोही भरलेला. मंडळी कधी नव्हे ती अर्धा तास आधी येऊ लागली. दोन महिन्यांत काका सरकत सरकत पहिल्या बाकावर पोचले, काकूंसह दोघंच, आणि पुन्हा शेवटचे ठरले. सामाजिक न्याय समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, पाळकबाईंना म्हणाले, “बाई, शिस्त मात्र आली हं.” समितीचा समतेचा ठराव मागच्या दारापाशी चौकटीत लावलेला होता.

शनिवारी काकू वेदीवर फुलं लावायला गेल्या तेव्हा काका बरोबर होते. मागच्या दाराबाहेर चेंबरच्या झाकणावर त्यांनी पाय ठेवला. झाकण किंचित हललं. खालून बुडबुड ऐकू आली. उद्या सकाळी लवकर येणारी मंडळी एकेकदा संडासात जाऊन आली, की हे भरून वाहणार. पाच मिनिटांचं काम होतं, आणि तुंबलेलं काढायची पट्टी घरी होती. काकांनी झाकण नीट बसवलं आणि घरी येऊन चहा घेतला.

रविवारी दुसऱ्या गीताच्या वेळी मागच्या दाराखालून पाणी आत आलं. शेवटच्या बाकाने पाय वर घेतले. मग बाक सोडला. पाण्यामागोमाग वासही आला, तशी सगळी मंडळी पुढे लोटली. हेडमास्तर नाकाला रुमाल लावून पहिल्या बाकावर काकांच्या शेजारी बसले.

“काका, हे तुमच्या खात्यातलं. जरा बघता का?”

“उपासना झाल्यावर बघतो, सर. आता पापांची कबुली आहे.”

कबुलीत करायची राहिलेली कामंही येतात. तेवढा भाग काकांनी जरा मोठ्याने म्हटला. काकूंनी वळून पाहिलं.

पाळकबाईंनी नियम पाळला, मागून सुरुवात केली. पहिला बाक शेवटी उठला. आता त्यावर आठ जण होते: काका मध्ये, त्यांच्यानंतर हेडमास्तर, पुढे आणखी तिघं. काकांनी घोट घेतला. पाळकबाईंनी प्याल्याची कड पांढऱ्या कापडाने पुसली, प्रत्येकानंतर पुसतात तशीच, आणि प्याला हेडमास्तरांपुढे धरला.

हेडमास्तरांचे हात छातीकडे निघाले. तिथे समितीचा बिल्ला होता. हात तिथवर जाऊन अडले. पाळकबाई थांबल्या. ऑर्गनवरचं कडवं संपलं; वाजवणाऱ्याने तेच पुन्हा धरलं. काका कठड्याच्या लाकडातली भेग बघत होते. भेग जुनी होती, पण इतका वेळ त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. चाळीस वर्षं पोरांना वर्गापुढे उभं केलेले हेडमास्तर आज स्वतः वर्गापुढे होते. शेवटी त्यांनी प्याला धरला आणि कडू औषध घ्यावं तसा घोट घेतला. पुढच्या तिघांनी सरांकडे पाहिलं आणि घेतला.

काकांना उठता येईना. हेडमास्तरांना जायला वाट नव्हती, म्हणून त्यांनी काकांना कोपराला धरून उठवलं.

उपासनेनंतर काकांनी घरून पट्टी आणवली आणि पाच मिनिटांत पाणी उतरलं. हेडमास्तर बघत उभे होते.

“काल कळलं असतं तर बरं झालं असतं, नाही?”

“काल कळलं होतं, सर,” काका पट्टी धुता धुता म्हणाले.

हेडमास्तरांनी ठरावाच्या चौकटीकडे पाहिलं.

घरी जाताना काकूंनी विचारलं, “मग? कसं होतं मध्ये?”

काका गुडघा चोळायला थांबले.

“गर्दी आहे,” ते म्हणाले. “दोन्हीकडून कोपरं लागतात.”