उमाजीभाऊंची लाल सेडान

आमच्या गॅरेजवर चहा प्यायला बसणाऱ्या पोरांचा एक आवडता वाद आहे. आजच्या या टर्बो इंजिनच्या जोरदार सेडान उद्या क्लासिक होणार का? जुन्या फियाटसारख्या, प्रदर्शनात पुसून-पासून उभ्या केलेल्या? एक म्हणतो होणारच. दुसरा म्हणतो, हट, हा तर चाकं लावलेला मोबाइल, पाच-दहा वर्षांत भंगारात. मी पान्यानं टेबल वाजवतो अन् ओरडतो, चूप बसा बे, माझ्यासमोर हा विषय काढायचा नाही. पोरं हसतात. त्यांना वाटतं गोपालभाऊचं डोकं सटकलं. सटकलं तर सटकलं. त्यांनी उमाजीभाऊंना पाहिलेलं नाही.

सिंदेवाहीहून थोडं आत गेलं की एक मोठा तलाव लागतो. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उमाजीभाऊंचं घर; खाली गावात माझं गॅरेज. ढिवर माणूस, सगळी जिंदगी मासे धरण्यात, पाण्यात गेली. त्यांच्या बापानं एका खोडातून कोरलेला डोंगा अजून त्या तलावात चालतो, अन् तो काही आपोआप टिकलेला नाही. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्यावर ओली पोती टाकायची, पावसाळा सरला की पालथा घालून टोरीचं तेल चोळायचं. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्या घरात जे जपायचं त्याला टोरीचं तेल लागायचं. डोंग्याला, दाराच्या बिजागरीला, बैलाच्या खांद्याला, म्हातारीच्या गुडघ्याला. पाळीवरून जाताना तो वास आला की समजायचं, उमाजीभाऊ घरी आहेत.

त्यांचा एकुलता एक पोरगा स्वप्निल. माझ्याच गॅरेजात हात काळे करून शिकला, मग पुण्याला मोठ्या गाड्यांच्या कामाला लागला. एका दिवाळीला तो आला ते लाल सेडान घेऊन. जुनीच घेतली होती, पण काय ठेवली होती बाप्पा! चार दारं, मागं डिकी. पाहणाऱ्याला वाटावं एखाद्या डॉक्टरची सरळसाधी गाडी. मी बाजूला बसलो, त्यानं पाय दाबला, अन् मी दाराची मूठच घट्ट धरली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. परदेशी होती, तिनं इथला गाशा केव्हाच गुंडाळला होता.

मी त्याला झापलं. म्हटलं, "अबे येड्या, या गाडीचा साधा सेन्सर कुठी भेटन का? काऊन घेतला हा पांढरा हत्ती?"

तो हसत होता. "गोपालभाऊ, म्हणूनच घेतलो. आता सगळ्या बॅटरीच्या येऊन राह्यल्या. असं इंजिन, असा हाताचा गिअर, पुन्हा कोणी बनवणार नाई. आज लोक हिले भंगार म्हणते. थांबा थोडे दिवस. नागपूरवरून, पुण्यावरून लोक हिले पाह्यले आपल्या पाळीवर येतीन. लिहून घ्या."

उमाजीभाऊ बाजूला उभे होते. त्यांना टर्बो कळत नव्हता, क्लासिक कळत नव्हतं. पोराचं बोलणं मात्र त्यांनी एखाद्या पुजाऱ्याचं ऐकावं तसं ऐकलं. अन् त्यांना कळला तो आवाज. गाडी पाळीवर चढताना जो घुमायचा तो. पुण्याहून पोरगा आला की गाडी दिसायच्या आधी तो आवाज यायचा, अन् गिरजाबाई, म्हणजे स्वप्निलची माय, चुलीवरून उठून दारात यायची.

मग ती कोरोनाची दुसरी लाट आली. पुण्याचं काम बंद पडलं, स्वप्निल गाडी घेऊन घरी आला अन् तापला. घरीच होता. चंद्रपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. गाडी अंगणात उभी, अन् पोरगा घरी परत आलाच नाही. त्या दिवसांत तर नीट शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही कोणाला. मला आजही त्याबद्दल बोलवत नाही.

लोक म्हणाले, विकून टाका. उमाजीभाऊ अंगावर धावून जायचे. "विकू? पोरानं सांगितलं हाय, लोक येतीन. तवा मी काय दाखवू, रिकामं अंगण?" त्यांनी बैलांचा कोठा रिकामा केला अन् गाडी आत ठेवली. बैल बाहेर, गाडी आत. मला बोलावून चाबी फिरवायला शिकले. दर रविवारी आंघोळ करून यायचे, कपाळाला गंध, अन् गाडी सुरू करायचे. चालवली कधीच नाही. नुसती सुरू करायची, थोडा वेळ घुमू द्यायची, बंद करायची. गिरजाबाई दारात येऊन उभी राहायची. आवाज थांबला की आत जायची. मी एकदा ते पाहिलं, अन् परत रविवारी तिकडं गेलो नाही. सहन होत नव्हतं.

बाहेरून गाडी अशी चकचकीत ठेवली होती की काय सांगू! पेट्रोल जुनं होऊ नये म्हणून मी अधूनमधून सांगायचो, ते ताजं टाकायचे. माझ्याकडं एवढंच काम. बाकी ते स्वतःच करायचे, अन् दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात स्वप्निलचा शब्द खरा झाला. गावच्या कोण्या पोरानं त्या गाडीचा व्हिडिओ टाकला होता. तो नागपूरच्या पियुष नावाच्या एकानं पाहिला. त्याचा अशा गाड्यांचा क्लब आहे; उद्याच्या क्लासिक म्हणून ते या सेडान जमवतात, मिरवणूक काढतात. उमाजीभाऊंना त्याचा फोन आला. "काका, या रंगाच्या, या इंजिनच्या आता फार थोड्या उरल्यात हो. आम्ही बघायला येऊ का?"

उमाजीभाऊ पाळीवरून धावत माझ्याकडं आले. या वयात धावत! "गोपाल, येऊन राह्यले रे! पोरगा म्हनला होता का नाई? म्हनला होता का नाई?" डोळ्यांतून पाणी अन् तोंडावर हसू. पोराच्या जाण्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, मी पुन्हा पुन्हा हो म्हणत होतो. मनाशी म्हटलं, स्वप्निल लेकाचा जिंकला.

नंतर ते मला दिसले नाहीत. धान कापणीचे दिवस, ट्रॅक्टरं माझ्या दारात रांगेत. ते तिकडं गाडीची तयारी करत होते. पाहुणे इंजिन पाहतील, ते तर उघडूनच पाहतील, म्हणून.

ज्या दिवशी पियुष येणार होता त्या दिवशी अर्धं गाव पाळीवर जमलं. गिरजाबाईनं मरळ माशाचा रस्सा केला होता. उमाजीभाऊंनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला टोपी. पियुष अन् त्याचे दोन मित्र आले, पोरं चांगली होती, उमाजीभाऊ-गिरजाबाईंच्या पाया पडली. कोठ्याचं दार उघडलं अन् ती पोरं आहा म्हणून जागीच थांबली. इतकी सुंदर दिसत होती ती लाल गाडी. उमाजीभाऊ आत बसले, चाबी फिरवली.

काहीच झालं नाही. दिवेसुद्धा लागले नाहीत. पुन्हा फिरवली. पुन्हा. दारातून गिरजाबाईचा आवाज आला, "काऊन जी, आज काऊन नाई बोलून राह्यली?"

उमाजीभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी बोनट उघडलं, अन् आधी वास आला. टोरीच्या तेलाचा, अख्खा कोठा भरून. मग दिसलं. इंजिनवर, पायपांवर, वायरींच्या जुडग्यांवर, सगळीकडं तेलाचा हात फिरला होता. अन् त्या तेलाच्या वासावर उंदीर आले होते. कोठ्याला लागूनच धानाचं पुंजणं, कापलेल्या पेंढ्यांची रास, तिथं उंदरांना काय तोटा? त्यांनी वायरिंग सोललं होतं, कुरतडलं होतं, गाडीच्या कम्प्युटरच्या डब्यापर्यंत जाऊन आत घर केलं होतं. कापसासारखं मऊ अंथरूण. त्यात पिल्लं होती.

मी बोनट पकडून उभा राहिलो. म्हटलं, "उंदरानं खाल्लं, भाऊ." तेलाचं नाव मी मेलो तरी काढलं नसतं.

पियुष वाकला, बराच वेळ पाहत राहिला. तो माझ्याकडं पाहून हळूच बोलला, पण कोठ्यात सगळं ऐकू येत होतं. "जुनी गाडी असती तर काहीतरी करून चालवली असती. पिस्टन घडवून आणता येतो, रेडिएटर झाळता येतो. हिच्यात या शेकडो वायरी अन् हा डब्बा एकमेकांना ओळखल्याशिवाय काहीच चालू होत नाही. अन् डब्बा द्यायला कंपनीच नाही. आमच्या क्लबमधल्या तीन गाड्या अशाच गेल्या. लोक विचारतात, या क्लासिक होतील का. रंग राहील, पत्रा राहील, काका. पण..." तो थांबला. शहाणा होता, थांबला. मग त्यानं विचारू नये ते विचारलं, बिचाऱ्याला काय माहीत. "इतके उंदीर आले कसे? काही लावलं होतं का हिला?"

"मी लावलो," उमाजीभाऊ म्हणाले.

ते अजून गाडीतच बसले होते. खाली उतरले, बोनटजवळ आले, एक सोललेली वायर बोटांत धरली अन् नाकाजवळ नेली. "टोरीचं. घरचं. डोंग्याले लावतो तसं लावलो. पाहुणे येऊन राह्यले म्हून जास्ती लावलो."

मी म्हटलं, "भाऊ, याच्यात तुमची काय चुकी? उंदीर कुठीबी लागते." माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. पियुष तर रडायच्या बेतात आला होता, माफ करा काका, माफ करा काका, एवढंच म्हणत होता.

उमाजीभाऊंनी आमचं दोघांचंही ऐकलं नाही. ते आपले दोन्ही तळहात पाहत होते. तेलकट, पाण्यानं सुरकुतलेले, जाळ्याच्या दोरीनं चिरलेले. मग ते माझ्याशी बोलले, फक्त माझ्याशी, इतकं हळू की गिरजाबाईला ऐकू जाऊ नये.

"पोरगा तापला होता ना गोपाल, तवा बी मी हेच लावलो. छातीले. रातभर चोळत बसलो. त्याची माय म्हने दवाखान्यात नेऊ, मी म्हनलो थांब, तेलानं मोकळी होईन छाती. तो बी म्हने, बाबा, बरं वाटून राह्यलं. मले बरं वाटावं म्हून म्हने." त्यांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. "माह्या हाताले दुसरं काई येतच नाई रे."

मी त्यांना धरलं. त्यांचं अंग काठीसारखं ताठ होतं, रडणं काही येत नव्हतं. दारात गिरजाबाई अजून उभीच होती, आवाजाची वाट पाहत. शेवटी तिनं पियुषकडं पाहिलं अन् म्हणाली, "बाबू, जेवून घ्या, रस्सा थंडा होऊन राह्यला." ती पोरं खाली मान घालून जेवायला बसली. उमाजीभाऊंनी त्यांना स्वतः वाढलं नाही. ते कोठ्यातच थांबले, बोनट उघडं ठेवून.